डॅली मेसेंजर आणि गल्ल्याचा हिशेब

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग (तेरा जणांची रग्बी) आयोगाने एक फतवा काढला. गुंतवणूकदारांच्या पैशावर उभ्या राहू पाहणाऱ्या 'आर-३६०' या नव्या रग्बी स्पर्धेसारख्या, मान्यता नसलेल्या स्पर्धेशी जो खेळाडू करार करेल, त्याला दहा वर्षं या खेळाचे दरवाजे बंद. त्याच सुमारास रग्बी युनियन, म्हणजे पंधरा जणांची मूळ रग्बी, खेळणाऱ्या आठ देशांच्या संघटनांनीही आपापल्या खेळाडूंना बजावलं, की तिकडे गेलात तर देशाच्या संघाची आशा सोडा. मग नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणतो, ज्या खेळाने मोठं केलं त्यालाच हे लोक पैशासाठी लाथ मारतात. दुसरा म्हणतो, निष्ठा हा मालकांनी रचलेला बनाव आहे, ज्याला जो भाव मिळेल तो त्याने घ्यावा. क्रिकेटमध्ये 'देश की लीग' म्हणून आपल्याकडे जे वाजत असतं, तेच हे. गंमत अशी, की या आयोगाच्या स्पर्धेत दरवर्षी सर्वोत्तम खेळाडूला दिलं जाणारं पदक 'डॅली एम' या नावाने ओळखलं जातं. ज्याच्या नावाने ते दिलं जातं तो हर्बर्ट हेन्री 'डॅली' मेसेंजर १९०७ मध्ये मान्यता नसलेल्या स्पर्धेत गेला, आणि त्यापायी त्याच्या मूळ खेळाने त्याला कायमचं हाकलून दिलं होतं.

दोन्ही तटांना हा माणूस साक्षीदार म्हणून सोयीचा वाटतो. एकाला तो पैशाला भुललेला पहिला मोठा खेळाडू दिसतो, दुसऱ्याला बाजारपेठेचा पहिला हुतात्मा. माझ्या मते दोघेही त्याच्या मनात काय होतं याचा शोध घेण्यात वेळ घालवतात. शोधायचं ते वेगळं आहे. तिकीटबारीवर जमलेला गल्ला कोणाकडे जात होता, आणि मैदानावर हाड मोडलं तर त्याचा भुर्दंड कोणावर पडत होता? या दोन प्रश्नांची उत्तरं मांडली, की मेसेंजरचं जाणं समजतं. आणि त्याच्या जाण्याने जे सुटलं नाही, तेही समजतं.

सुरुवात सिडनीतून करून चालणार नाही, इंग्लंडच्या उत्तरेत जावं लागतं. यॉर्कशर-लँकेशरच्या गिरण्या शनिवारी दुपारी सुटत. सामना घरच्या मैदानावर असला, तर गडी भोंगा वाजल्यावर जेवून थेट मैदानावर जाई. पण सामना परगावी असला, की सकाळचीच गाडी पकडावी लागे. म्हणजे शनिवारची अर्धी पाळी बुडाली. लांबचा दौरा असला, तर शुक्रवारही गेला. कोळशाच्या खाणीतल्या किंवा गिरणीतल्या माणसाचा तो खाडा थेट घरच्या चुलीवर जाई. क्लबाकडे मात्र त्याच शनिवारी हजारोंची गर्दी तिकीट काढून आलेली असे. १८९३ मध्ये यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी लंडनला रग्बी युनियनच्या सर्वसाधारण सभेत मागणी ठेवली, की खेळाडूला पगार देऊ नका, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई तरी देऊ द्या. मागणी १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. आजच्या रग्बी लीगचं मूळ ते हेच. तिने दिलेली भरपाई जास्तीत जास्त सहा शिलिंग रोज, आणि तीही खाडा झाला तरच. आज आपण ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतो, त्याची एक मोठी शाखा या सहा शिलिंगांतून फुटली. लोभाची ही रक्कम नव्हे.

जुन्या रग्बी युनियनवाल्यांची बाजू मात्र पोकळ नव्हती, आणि ती हसण्यावारी नेणारे इतिहास नीट वाचत नाहीत. १८८५ मध्ये फुटबॉलने पगारी खेळाडू मान्य केले, तेव्हा काही वर्षांतच हौशी संघ मागे पडले आणि पैसेवाले औद्योगिक शहरांचे क्लब पुढे आले. हाच प्रसंग आपल्यावर येईल ही रग्बीच्या धुरिणांची भीती होती, आणि ती खरीही ठरली. नॉर्दर्न युनियनचा पहिला विजेता, ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम क्लब, अवघ्या काही वर्षांत पैशाअभावी टेकीस आला आणि १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉलकडे वळला. आजचा ब्रॅडफर्ड सिटी तो हाच. ज्याने बंडाचं पहिलं विजेतेपद घेतलं तोच क्लब आठ वर्षांत दुसऱ्याच खेळात! पगार द्यायचा म्हटला की खेळ धंदा होतो आणि धंदा बुडतोही, हा आक्षेप कागदावरचा नाही.

पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो पाहा. क्लब बुडू शकतो, म्हणून खेळाडूने फुकट खेळावं. एखाद्या गिरणीला तोटा होईल म्हणून कामगारांनी मजुरी मागू नये, असं कोणी उघड म्हणेल का? शिवाय पैशाला शिवायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा लागू नव्हता. १८८८ मध्ये इंग्लंडहून एक संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला. हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाउजने दौऱ्याच्या कपडेलत्त्यासाठी पंधरा पौंड घेतले होते, एवढ्यावर त्याला व्यावसायिक ठरवण्यात आलं. बिचारा जहाजातून एवढं लांब गेला आणि दौऱ्यावर खेळू शकला नाही. आता शेजारच्या खेळाकडे नजर टाका. क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेस हा डॉक्टर आयुष्यभर 'हौशी' म्हणून नोंदला गेला. १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला तीन हजार पौंड मिळाले, खर्च वेगळा. १८९५ मध्ये, म्हणजे उत्तरेतले मजूर सहा शिलिंगांसाठी वेगळे होत होते त्याच वर्षी, त्याच्या गौरवनिधीत नऊ हजार पौंडांवर रक्कम जमली. त्याने खेळाला बट्टा लावला असं कोणी म्हटलं नाही. पैसा पवित्र की अपवित्र हे तो कोणाच्या खिशात पडतो यावरच ठरत होतं.

आता सिडनी. मेसेंजरचा जन्म १२ एप्रिल १८८३ चा, बालमेनचा. वडील चार्ल्स होड्या बांधणारे. स्वतः वल्हवण्याच्या शर्यती पैशावर खेळलेले, आणि त्या काळी सिडनीत या शर्यतींना लोटणारी गर्दी कुठल्याही खेळाला हेवा वाटावा अशी. डबल बे इथे त्यांची होड्यांची शेड होती, मुलगा तिथेच काम शिकला. खेळाच्या मेहनतीचे पैसे घेणं हे या घरात लाजेचं काम कधीच नव्हतं. मेसेंजरच्या निर्णयाबद्दल लिहिताना ही गोष्ट हमखास सुटते. लोकांना वाटतं, कोणीतरी येऊन त्याच्या कानात पैशाचा मंत्र फुंकला.

तो खेळायचा सेंटरला. ईस्टर्न सबर्ब्ज त्याचा क्लब. धावताना समोरच्याला चकवून दिशा बदलणं, आणि लांबून, कोनातून गोल मारणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणं त्या काळी दुर्मिळ होतं. चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टेकवायचा, म्हणजे ट्राय करायची, ती त्यानेच, आणि मग चेंडू जमिनीवर ठेवून गोलही त्यानेच मारायचा. लोक त्याला पाहायला येत. १९०७ च्या जुलैमध्ये न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर सुमारे ५२ हजार लोक होते. माणशी नुसता एक शिलिंग धरला तरी २,६०० पौंड होतात. मैदानावरच्या तीस जणांना त्यातलं काय? त्याआधी १९०५ मध्ये न्यूझीलंडच्या संघाने ब्रिटन गाजवलं, तेव्हा खेळाडूंना मिळाले रोज तीन शिलिंग भत्ता, आणि नफ्याचे हजारो पौंड संघटनेच्या तिजोरीत. तीन शिलिंग म्हणजे किती? मेसेंजरने उडी मारली त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९०७ रोजी, न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मेलबर्नमध्ये निकाल दिला, की बायको आणि तीन मुलं असलेल्या अकुशल मजुराला माणसासारखं जगायला रोज सात शिलिंग लागतात. म्हणजे जगातला सर्वांत नावाजलेला रग्बी संघ हमालाच्या निम्म्याहून कमी रोजावर फिरत होता, आणि तरी त्याला हौसेचं नाव होतं.

त्यात दुखापतीचा प्रश्न. अलेक बर्डन हा पेशाने न्हावी. सामन्यात दुखापत झाली, हात चालेना, आणि न्हाव्याचा हात चालला नाही तर दुकान बंद. औषधपाणी आणि बुडालेली मिळकत यासाठी युनियनच्या संघटनेने हात वर केले. बर्डनचं प्रकरण ही ठिणगी होती असं सांगितलं जातं. ठिणगी असेल, पण दारू आधीच साठलेली होती. मार्केट स्ट्रीटवरच्या व्हिक्टर ट्रंपरच्या खेळसाहित्याच्या दुकानात बैठका होऊ लागल्या. हा ट्रंपर म्हणजे तोच, ऑस्ट्रेलियाचा अव्वल फलंदाज. सोबत जेम्स गिल्टिनन आणि हेन्री हॉइल. ८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या बेटमन्स हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी लीगची स्थापना झाली. गर्दी खेचायची तर मेसेंजर हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिल्टिनन आणि ट्रंपर डबल बेला घरी गेले, आईची संमती मिळाली, आणि मेसेंजर नव्या लीगकडे आला. १७ ऑगस्टला सिडनीच्या शेती प्रदर्शनाच्या मैदानावर पहिला सामना झाला. गाठ होती अल्बर्ट बास्करव्हिलने जमवलेल्या न्यूझीलंडच्या बंडखोर संघाशी, ज्याला वर्तमानपत्रांनी कुचेष्टेने 'ऑल गोल्ड्स', म्हणजे 'सगळे सोन्याचे', म्हटलं होतं. न्यूझीलंडने १२-८ असा सामना जिंकला. बंड एवढं घाईचं, की नॉर्दर्न युनियनचं नियमपुस्तक कोणाकडे नव्हतं. तेरा जणांच्या नव्या खेळाचे पहिले तीन सामने पंधरा जणांच्या जुन्याच नियमांनी खेळले गेले.

मेसेंजरवरचा सर्वांत बोचरा आरोप तारखांचा आहे, आणि तो टाळता येणार नाही. १० ऑगस्टला तो ऑस्ट्रेलियाच्या रग्बी युनियन संघातून न्यूझीलंडशी टेस्ट खेळला. सातव्या दिवशी तो बंडखोरांत. तेवढ्यावर थांबला नाही. ऑल गोल्ड्सने त्याला पाहुणा म्हणून सोबत घेतलं, आणि १९०७-०८ च्या ब्रिटन दौऱ्यात न्यूझीलंडच्या त्या संघासाठी सर्वाधिक १४६ गुण या ऑस्ट्रेलियनाने केले. परत आल्यावर, ९ मे १९०८ रोजी, तो ऑस्ट्रेलियाकडून त्याच न्यूझीलंडविरुद्ध मैदानात उतरला. दहा महिन्यांत दोन खेळ आणि दोन देश. देशाच्या जर्सीला काही अर्थ आहे असं मानणाऱ्या माणसाला हे खटकलं, तर त्याला वेडा म्हणता येत नाही. त्याला रोख पैसे मिळाले होते हेही खरं.

पण निष्ठा दोन्ही बाजूंनी असावी लागते. संघटनेचा मेसेंजरशी कोणताही करार नव्हता, पुढच्या सामन्याची हमी नव्हती, पाय मोडला तर जबाबदारी नव्हती. बांधील फक्त तो. आपल्याकडच्या वाचकाला याचं सर्वांत जवळचं उदाहरण विनू मंकड यांचं आहे. १९५२ मध्ये लँकेशर लीगमधल्या हॅस्लिंग्डन क्लबाने त्यांना व्यावसायिक म्हणून बोलावलं. मंकडनी भारतीय मंडळाला एवढंच विचारलं, की इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की धरू का, म्हणजे तिकडचा करार सोडतो. मंडळाने शब्द द्यायला नकार दिला. मंकड हॅस्लिंग्डनला गेले. मग हेडिंग्लीवर भारताच्या दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार गडी बाद झाले, आणि मंडळ त्यांना सोडवून आणायला क्लबाच्या दारात. लॉर्ड्सवर मंकडनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एका डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. आता सांगा, हमी न देणारं मंडळ एकनिष्ठ आणि पोटापाण्याची सोय पाहणारा खेळाडू बेइमान? योगायोग असा, की १९०८ च्या जानेवारीत ऑल गोल्ड्सचा ब्रिटनमधला पहिला टेस्ट सामना झाला तोही हेडिंग्लीलाच. क्रिकेट आणि रग्बीची मैदानं तिथे पाठीला पाठ लावून आहेत.

आणि 'सोनेरी' म्हणून हिणवलेल्या त्या दौऱ्याचा व्यवहार कसा होता? बास्करव्हिल वेलिंग्टनच्या टपाल खात्यातला कारकून. योजना अशी, की प्रत्येक खेळाडूने स्वतःचे पन्नास पौंड घालायचे, धोका सगळ्यांचा, नफाही सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. हिगिन्सच्या सात शिलिंगांच्या हिशेबाने पन्नास पौंड म्हणजे मजुराची जवळजवळ चोवीस आठवड्यांची कमाई. ती बोटीवर चढण्याआधी टाकायची, सामने होतील की नाही ठाऊक नसताना. महाराष्ट्रात आपण याला सहकार म्हटलं असतं. तीन टेस्टपैकी लीड्सची हरले, लंडनची आणि चेल्टनहॅमची जिंकली. बास्करव्हिलला मात्र यातलं फारसं लाभलं नाही. परतीच्या वाटेवर ब्रिस्बेनला न्यूमोनिया झाला आणि २० मे १९०८ रोजी तो पंचविशीत गेला. न्यूझीलंडमधला लीगचा पहिला सामना झाला, तो त्याच्या आईला मदत म्हणून.

इथपर्यंत वाचून बाजारवादी तट खूश होईल. त्यांनी घाई करू नये. मेसेंजर गेला तो काही मोकळ्या बाजारात गेला नाही. नॉर्दर्न युनियनने १८९८ मध्ये पगार मान्य केला, पण अटींसह. खेळाडूने दुसरी खरीखुरी नोकरी केलीच पाहिजे. बिलियर्डच्या टेबलाजवळ गुण मोजणं किंवा दारूच्या गुत्त्यात वाढणं ही कामं नोकरी म्हणून धरली जाणार नाहीत, कारण क्लब अशा जागी माणसाला नावापुरता चिकटवून ठेवतो असा संशय. आठवड्यात कामावर गेला नाही, तर शनिवारी खेळायचं नाही. ही कलमं १९०५ मध्ये निघाली. सिडनीत वेगळी बेडी होती. ज्या वस्तीत राहायचं तिच्याच संघातून खेळायचं. म्हणजे मेसेंजरला बालमेनने किंवा साउथ सिडनीने दुप्पट देऊ केले असते, तरी घर बदलल्याशिवाय तो जाऊ शकत नव्हता. राहत्या पत्त्याची ही अट निघायला १९५९ उजाडलं. त्यानंतरही क्लब नको असलेल्या खेळाडूला सोडत नसत आणि खेळवतही नसत. बालमेनच्याच डेनिस टटीने १९६९ चा अख्खा हंगाम घरी बसून काढला, खटला लढवला, आणि १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ही पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यावरचं बेकायदा बंधन ठरवली. बंडातून जन्मलेल्या लीगने आपल्याच खेळाडूंना चौसष्ट वर्षं दावणीला बांधलं होतं. पैसे मिळायला लागणं ही एक गोष्ट, स्वतःच्या कामावर स्वतःचा हक्क ही दुसरी.

बंडाची आर्थिक गाडीही रुळावर नव्हती, हेही मान्य करायला हवं. १९०८-०९ मध्ये गिल्टिननने कांगारूंचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लीग खेळाडूंचा, पहिला संघ ब्रिटनला नेला. मेसेंजर उपकर्णधार, दौऱ्यात १५५ गुण. पण हवामान वाईट, लँकेशरच्या सूतगिरण्यांत टाळेबंदी आणि संप, ज्यांच्या खिशावर या खेळाचा डोलारा उभा तेच लोक उपाशी. लंडनमधल्या पार्क रॉयलचा पहिला टेस्ट सामना २२-२२ असा रंगला तो बहुतेक रिकाम्या मैदानात. परतीचं भाडं शेवटी नॉर्दर्न युनियनने भरलं. गिल्टिनन दिवाळखोर झाला, आणि १९०९ मध्ये तो, हॉइल व ट्रंपर तिघेही पदावरून गेले. लीग वाचवली ती जेम्स जॉइंटन स्मिथ या हॉटेलं आणि घोड्यांच्या शर्यती चालवणाऱ्या धनिकाने. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आलेल्या वॉलबीज या ऑस्ट्रेलियाच्या युनियन संघातले चौदा खेळाडू त्याने रोख रकमा देऊन फोडले आणि १९०९ च्या सप्टेंबरात कांगारूंविरुद्ध सामने लावले. गर्दी तिकडे लोटली आणि सिडनीतल्या युनियनचं पारडं कायमचं हलकं झालं. १९०७ आणि १९०९ या दोन घटना एकाच पोत्यात घालायची सवय आहे. एकीत खेळाडूंनी आपले पन्नास पौंड टाकले, दुसरीत एका मालकाने खेळाडू विकत घेतले. जॉइंटन स्मिथच्या व्यवहाराला गुलाबपाणी शिंपडायची मला गरज वाटत नाही.

तारा मोठा झाला, बाकीच्यांचं काय, हा आक्षेपही उरतोच. मेसेंजरने १९११ च्या हंगामात सगळे सामने मिळून २७० गुण केले. ईस्टर्न सबर्ब्जने १९११, १९१२, १९१३ अशी सलग तीन विजेतेपदं घेतली, विजेत्याला मिळणारी ढाल कायमची क्लबाची झाली, आणि निवृत्त होणाऱ्या कर्णधाराला क्लबाने ती देऊन टाकली. बर्डनला ढाल मिळाली नाही. पण लीग निघाल्यावर बर्डन ग्लीबकडून खेळला आणि कांगारूंच्या दौऱ्यावरही गेला. दुखापत झालेल्या न्हाव्याला युनियनने जे नाकारलं होतं, त्याहून हे बरंच होतं. आणि ताऱ्याचं तरी पुढे काय झालं? हॉटेल चालवून पाहिलं, क्वीन्सलंडात केळीची बाग लावून पाहिली, दोन्ही बुडाले. मग सरकारी बांधकाम खात्यात सुतारकाम. म्हातारपणी तो लीगच्या क्लबात राहायचा आणि २४ नोव्हेंबर १९५९ रोजी गनेडा इथे वारला. पैशासाठी खेळ विकला म्हणणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा पाहावा. पुतळा उभा राहिला, मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडला नाव दिलं गेलं. निवृत्त खेळाडूच्या पोटाची सोय मात्र नव्या लीगकडेही नव्हती.

पहिल्या महायुद्धाचा दाखला युनियनवाले अभिमानाने देतात, आणि तो त्यांचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे. सिडनीतल्या युनियनने स्पर्धा बंद केल्या, खेळाडू आघाडीवर गेले. लीगने सामने चालू ठेवले आणि त्या काळात प्रेक्षक आपलेसे केले. त्याग कोणाचा मोठा यावर इथे दुमत नको. पण याच युद्धात इंग्लंडच्या युनियनने स्वतःचा नियम कसा वाकवला तेही पाहा. सैन्याच्या संघात नॉर्दर्न युनियनचे खेळाडू चालतील असं ठरलं. हॅरॉल्ड वॅगस्टाफ, जो पंधराव्या वर्षी पाच सोन्याच्या नाण्यांवर हडर्सफील्डकडे आला होता आणि म्हणून आयुष्यभर अस्पृश्य ठरायला हवा होता, तो ग्रोव्ह पार्कच्या लष्करी संघातून युनियनच्या सभ्य गृहस्थांबरोबर खेळला. युद्ध संपलं आणि नियम पुन्हा जिवंत झाला. जो नियम गरज पडली की गुंडाळून ठेवता येतो, त्याला तत्त्व कसं म्हणायचं?

मेसेंजरला शिक्षा झाली ती नुसती हकालपट्टीची नव्हती. युनियनने त्याने केलेल्या कामगिरीच्या नोंदीच पुसल्या. ५२ हजारांच्या गर्दीसमोर खेळलेला माणूस कागदावर खेळलाच नव्हता. अमेरिकेत जिम थॉर्पचं हेच झालं. १९१२ च्या ऑलिंपिकमधली दोन सुवर्णपदकं काही महिन्यांत काढून घेतली, कारण पूर्वी उन्हाळ्यात किरकोळ पैशावर बेसबॉल खेळला होता. त्याचा निवाडा पूर्णपणे बदलायला २०२२ उजाडलं. रग्बी युनियनने १९९५ च्या ऑगस्टमध्ये, हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षं भरत असतानाच, पगारी खेळ मान्य केला. त्यामागे पश्चात्ताप कमी आणि लीगचे व टीव्हीचे पैसेवाले आपले खेळाडू पळवतील ही भीती जास्त होती. मेसेंजरच्या नोंदी २००७ मध्ये परत लावल्या गेल्या. ज्या गोष्टीसाठी माणूस गुन्हेगार ठरला, ती संघटनेची अधिकृत रीत होऊन बारा वर्षं लोटली होती.

म्हणून 'आर-३६०'बद्दल बोलताना मेसेंजरचं नाव घेणाऱ्यांनी आधी सांगावं, की त्यांना कोणता मेसेंजर अभिप्रेत आहे. गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहणारी स्पर्धा १९०७ सारखी नाही, ती १९०९ सारखी आहे. तिथे खेळाडू भागीदार नाही, विकत घेतलेला माल आहे. गुंतवणूकदार मागे हटले तर अर्ध्या हंगामाचे पैसे कोण देणार? गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, नऊ महिने मैदान नाही, तर करार जिवंत राहतो का? डोक्याला वारंवार मार बसून पन्नाशीत विस्मरण सुरू झालं, तर उपचाराचा खर्च कोणाच्या नावावर? हे प्रश्न नव्या स्पर्धेला विचारावेत, आणि जुन्या संघटनेलाही. जी संघटना यांची समाधानकारक उत्तरं लेखी देईल तिने निष्ठेची अपेक्षा खुशाल करावी. बंदीचा धाक दाखवून मागितलेल्या निष्ठेची किंमत सिडनीच्या युनियनने दोन वर्षांत मोजली.

राहिला दहा वर्षांचा आकडा. लीगमध्ये मेसेंजरची अख्खी कारकीर्द १९०७ ते १९१३, सात हंगामांची. आजच्या सरासरी खेळाडूचीही पहिल्या फळीतली वर्षं याहून फार जास्त भरत नाहीत. पंचविसाव्या वर्षी गेलेला माणूस बंदी संपेल तेव्हा पस्तिशीचा असेल, आणि पस्तिशीत कोणी सेंटरला परत येत नाही. १९०७ च्या युनियनने निदान 'आजन्म' असा शब्द वापरला होता.